आधी पंखा बंद करा

घरी गाणं रेकॉर्ड करायला कोणता माईक घेऊ, असं कुणी विचारलं की मी त्यांना आधी पंखा बंद करायला सांगतो. मग मिनिटभर डोळे मिटून बसायचं आणि काय काय ऐकू येतं ते सांगायचं. फ्रिजची घरघर, शेजारचा कुकर, खाली रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचं गाणं, खिडकीतली कबुतरं. आणि टाळी वाजवली की फरशीवरून, उघड्या भिंतींवरून परत येणारा खणखणाट. एवढं कळल्याशिवाय मी मॉडेलचं नाव काढत नाही.

बहुतेकांच्या मनात कंडेन्सर माईक असतो. स्टुडिओच्या फोटोत दिसतो तो, रबरी दोऱ्यांच्या पाळण्यात टांगलेला. १९६७ साली आलेला नॉयमनचा यू ८७ या जातीचा, आणि आता त्याची कितीतरी स्वस्त भावंडं बाजारात आहेत. आतला पडदा अगदी पातळ, त्यावर सोन्याचा मुलामा. चालायला बहुधा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो. श्वास, ओठ सुटल्याचा बारीक आवाज, मुरकीची सगळी कड त्यात उतरते. कबुतरंही उतरतात.

डायनॅमिक माईकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं जोडलेलं असतं. ते वजन ओढत हलायचं, म्हणून वरच्या पट्टीतली अगदी बारीक चमक त्यात थोडी कमी येते. शुअरचा एसएम ५८ हा गणपतीच्या मांडवातही दिसतो, म्हणून लोक त्याला हलका समजतात. पण मायकल जॅक्सनच्या १९८२ च्या ‘थ्रिलर’साठी ब्रूस स्वीडिन यांनी वापरलेला एसएम ७ डायनॅमिकच होता. ‘डायनॅमिकला खोली ऐकू येत नाही’ हे मात्र मी कुणाला सांगत नाही. त्यालाही ऐकू येते. आपण त्याला तोंडाजवळ धरतो, एवढीच मेख आहे. गायक आणि माईक यांतलं अंतर निम्मं केलं की गळ्याचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. खोलीचा घुमारा होता तेवढाच राहतो.

म्हणून माझा दुसरा प्रश्न: तुम्ही किती लांबून गाणार? माईक त्यावर ठरतो. हे अंतर गाण्यालाही घडवत आलंय. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांनी रेकॉर्डिंग केलं तेव्हा समोर भोंगा होता. सुई हलवायची ती गळ्याच्याच जोरावर, त्यामुळे पुकार लावणं भागच होतं. १९२५ च्या सुमारास रेकॉर्डिंगमध्ये विजेचा माईक आला आणि हळू गाणाऱ्यालाही जागा मिळाली. आपलं भावगीत त्या जागेत वाढलं, असं मला वाटतं.

भावगीत गाणाऱ्याला मी बिनधास्त डायनॅमिक सुचवतो, चार बोटांवरून. एवढ्या जवळून खर्ज फुगतो. पातळ आवाजाला ते मानवतं, जाड आवाज मात्र गुदमरतो. अभंगवाल्यांची वेगळी गंमत. ‘पांडुरंग’, ‘पंढरी’, ‘भक्ती’ म्हणताना हवेचा गोळा थेट पडद्यावर आदळतो आणि स्पीकर धप्पकन वाजतो. पॉप फिल्टर लावायचाच, शिवाय माईक तोंडासमोरून जरासा बाजूला सरकवायचा.

थेट कॉम्प्युटरला जोडायचा यूएसबी माईक की साधा माईक आणि मध्ये ऑडिओ इंटरफेस, यावर लोक फार वेळ घालवतात. पुढे माईक बदलायची शक्यता असेल तर इंटरफेस घ्या, नसेल तर यूएसबी पुरे.

ख्याल गाणाऱ्यांपुढे मात्र माझा डायनॅमिकचा आग्रह गळून पडतो. तानेबरोबर मान फिरते, हात वर जातो, अंग मागे झुकतं. पंडित भीमसेन जोशींना गाताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. चार बोटांवरच्या माईकपुढे एवढं हललं की आवाज क्षणात जाड, क्षणात पोकळ होतो. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना मी म्हटलं, “काकू, जरा स्थिर बसून गाल का?” त्या म्हणाल्या, “मग गाणं तूच म्हण.”

त्यांच्याकडे कंडेन्सरच लावला, दीड फुटावर. मग खोली आवरणं आलं. काकू साड्यांचं कपाट उघडून त्याकडे पाठ करून बसतात, कारण माईक गायकाच्या पाठीमागची भिंतच जास्त ऐकतो. दोन्ही बाजूंच्या दोरीवर गोधड्या. कॉम्प्युटर माईकच्या पाठीशी, कारण कार्डिऑइड माईकला मागून सर्वांत कमी ऐकू येतं. गेन लावायचा तो त्यांच्या तार षड्जावर, शिखर उणे १० डेसिबलच्या आत राहील असा. मग स्क्रीनवर आलापाची रेघ अगदी बारीक दिसते आणि त्या दर वेळी काळजी करतात. पण २४ बिटमध्ये ती नंतर निवांत उचलता येते. तानपुरा हेडफोनमध्ये, एकाच कानावर. दुसरा कान स्वतःच्या गळ्यासाठी मोकळा ठेवायचा, ही अट त्यांची.