तेच पाणी

मला गळ टाकण्याचा नाद आहे, हे मी चारचौघांत सहसा सांगत नाही. कारण लगेच प्रश्न येतो, "म्हणजे मासे खाता वाटतं?" नाही. आमचे घर शाकाहारी. गळाला लागलेला मासा मी नदीत सोडून देतो. यावर सौभाग्यवतीचे मत असे की, आणला असता तर शेजाऱ्यांना तरी उपयोग झाला असता. उन्हाने रापलेल्या तोंडाचा उपयोग कोणाला?

नोकरीमुळे मी दौंडला असतो. दौंडला भीमा आहे, तिच्यावर मनमाडकडे जाणारा रेल्वेचा पूल आहे आणि पाण्यात शिंगाड्यापासून १९५२ साली देशात आलेल्या परक्या चिलापीपर्यंत भरपूर मासे आहेत. तरी रविवारी पहाटे मी एस.टी. धरून शिरूरला जातो. या गावाला लोक घोडनदीही म्हणतात. गावाने नदीचेच नाव घेतले आहे. तेथे बाभळीखाली एक काळा खडक आहे. त्यावरच बसायचे.

सौभाग्यवतीने एकदा भूगोलाचा आधार घेतला. "घोड दौंडच्या वरच भीमेला मिळते ना? मग तेच पाणी आपल्या दाराशी येतं. तुम्ही त्याला सामोरं कशाला जाता?"

युक्तिवाद बिनतोड होता. भीमेत पुण्याची मुळा-मुठाही येते, असे काहीतरी मी पुटपुटलो. आयझॅक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने १६५३ साली गळावर पुस्तक लिहून हा छंद चिंतनशील माणसाचा ठरवला आहे, हेही सांगून पाहिले. ती हसली. खरेच आहे, ज्वारीच्या ताटाचा तुकडा पाण्यावर डुचमळताना पाहण्यापलीकडे मी कसलेही चिंतन करीत नाही.

खरे उत्तर निराळे होते. मी अकरा वर्षांचा असताना धाकटा भाऊ विषमज्वराने गेला. त्यानंतर वडील घरात बोलेनासे झाले. आई वाढी, ते जेवीत, उठत. रविवारी मात्र मला घेऊन त्या खडकावर येत. तेथेही गप्पच. दोरी माझ्या बोटाला गुंडाळीत आणि वर आपला हात ठेवीत.

एका संध्याकाळी ते एकदम म्हणाले, "बाळ्याला ही दोरी धरायची होती. मी म्हटलं, पुढच्या वर्षी." आणि लगेच, "ओढ, ओढ! लागलाय!"

बोटाएवढा मासा होता. वडिलांनी तो ओंजळीत धरला आणि अलगद पाण्यात सोडला. त्या रात्री त्यांनी आईकडे दुसऱ्यांदा आमटी मागितली. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

गेल्या वर्षी गेलो, तर वाळूच्या उपशाने पात्र पार खणले होते. बाभूळ नव्हती. खडक होता, पण पाणी त्याच्यापासून लांब सरकले होते. गळ टाकला, तो कोरड्या गोट्यांत पडला. तरी तासभर बसून राहिलो.

घरी आल्यावर सौभाग्यवतीने पिशवी उपसली. "दोरी कोरडी कशी?" तिने विचारले.

तेव्हा मी तिला प्रथमच बाळ्याची हकीकत सांगितली. ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी पहाटे उठून पाहतो, तो ओट्यावर दोन डबे भरून ठेवलेले होते.