कोट्टक्कलचं तेल आणि आपलं अंग

सासूबाईंचे गुडघे दोन वर्षं कुरकुरत होते. जिना म्हटला की डोळ्यांत पाणी. शेवटी धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, एकदा केरळात कोट्टक्कलला नेऊन आणा." मग काय, आषाढातल्या भर पावसात आम्ही दोघी कोकण रेल्वेनं निघालो. तिरूरला उतरलो आणि तिथून बसनं कोट्टक्कल गाठलं.

मलप्पुरम जिल्ह्यातलं हे गाव. वैद्यरत्नम पी. एस. वारियर यांनी १९०२ साली इथे आर्य वैद्यशाला काढली. पुढे धर्मार्थ रुग्णालय झालं, आणि १९३९ साली त्यांनी चक्क कथकलीची मंडळी उभी केली! औषधाच्या जोडीला मनालाही काही हवं, हे त्यांनी ओळखलं होतं म्हणायचं.

मला वाटलं होतं, पावसात कोण तेल लावून घेणार? पण तिथला कर्किडकम महिना, म्हणजे साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट, हाच उपचारांचा खास काळ मानतात.

बायकांना तेल लावायला बायकाच असतात, त्यामुळे सासूबाईंचा संकोच लवकर गेला. लाकडाच्या लांबट द्रोणीत त्यांना निजवलं. दोन्ही बाजूंनी बाया कोमट तेलात फडकी बुडवून अंगावर पिळायच्या आणि दुसऱ्या हातानं हलकेच चोळायच्या. ह्याला म्हणतात पिळिच्चिल. ञवरक्किळी हा आणखी एक प्रकार. साठ दिवसांत तयार होणारा ञवरा तांदूळ दूध आणि चिकण्याच्या मुळाच्या काढ्यात शिजवतात आणि त्याच्या गरम पुरचुंड्यांनी अंग शेकतात.

डॉक्टरीणबाई मोठ्या सरळ बोलल्या. "गुडघ्याची झीज भरून येणार नाही. पण आखडलेपणा कमी होईल, झोप लागेल." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्या अंगाला शेवटचं तेल कधी लागलं?"

काय सांगू? मला उत्तरच सुचेना. बाळंतपणात लागलं होतं. तो मुलगा आता कॉलेजात जातो! नरक चतुर्दशीला पहाटे उठून घरातल्या सगळ्यांना तेल-उटणं मीच लावते. माझ्या वाट्याला येतं वाटीच्या तळाचं बोटभर तेल, तेही एक डोळा बंबाकडे ठेवून. तुमचंही असंच होतं ना?

त्यांनी माझी नाडी, रक्तदाब पाहिला आणि मलाही अभ्यंग सांगितलं. पहिल्या दिवशी मी द्रोणीत अंग चोरून पडले होते. चोळणाऱ्या बाईंनी माझ्या खांद्यावर टिचकी मारली, हसल्या आणि खूण केली, सैल सोड! तेव्हा कळलं, हे खांदे मी किती वर्षं आवळून धरले होते. मुगाच्या पिठानं आंघोळ झाली, टाळूवर रास्नादी चूर्ण चोळलं, आणि त्या दुपारी मी अशी झोपले की सासूबाईंनीच चहाला उठवलं.

प्रत्येकीला केरळ कुठलं जमायला? पण घरी एवढं करता येईल. तिळाच्या तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करा, थेट गॅसवर नको. हातापायांना लांब हात फिरवा, सांध्यांवर गोल. वीस मिनिटं पुरेत. वेळच नसेल तर डोकं, कान आणि तळपाय तरी. वाग्भटांनीही ह्या तीन जागांवर विशेष भर दिला आहे. ताप, अजीर्ण असताना किंवा जेवल्याबरोबर चोळू नका. एकच पाय सुजून गरम लागत असेल, तर चोळण्याआधी डॉक्टरांना दाखवा. दिवस गेले असतील तर त्यांना विचारूनच. आणि न्हाणीघरात जपून, तेलाचे पाय सटकतात!

सासूबाईंचे गुडघे काही नवे झाले नाहीत. पण पूर्वी तीनदा थांबायच्या, तो जिना आता एकदा थांबून चढतात. आणि परवा शनिवारी दुपारी मी भांडी आवरत होते, तर तेलाची वाटी घेऊन त्या पाटावर बसलेल्या.

"ये गं. भांडी कुठे पळून जात नाहीत. आज तुझं डोकं मी चोळते."