तारेखालचा फोम

गाणं रात्री बारा वाजता प्रसिद्ध झालं आणि मी ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऐकलं. स्वारगेटहून धायरीला जाणाऱ्या पीएमपीत, उभ्यानं. ऑफिसात घाईघाईत ऐकायचं नव्हतं म्हणून दिवसभर कळ काढली होती. पहिल्या कडव्यात काही कळलं नाही, कारण बसच्या इंजिनाचा सूर आणि माझ्या बेसचा सूर साधारण एकाच पट्टीतले. पण दुसरं कडवं संपून ध्रुवपदात शिरताना मी 'ए'च्या तारेवर खालून घसरत वर येते. त्या एका घसरणीवर मी तीन रविवार घातले होते. ती आलीच नाही. त्या जागी एक ठोका होता, सरळ. मग थोडी शांतता आणि मग पुढचा ठोका.

मागे नेऊन पुन्हा ऐकलं. सिंहगड रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये पाच-सहा वेळा ऐकून झालं. तो बेस माझा नव्हता, कीबोर्डवर वाजवलेला होता. खाली नामावलीत मात्र 'बेस गिटार' या शब्दांपुढे माझं नाव होतं, आडनावासकट, अचूक. आईनं तोवर ते सांगलीच्या तीन व्हॉट्सअॅप ग्रुपांवर पाठवूनही दिलं होतं. अभिनंदनाचे हात जोडलेले इमोजी येत होते.

आमच्या ड्रमरला फोन केला. कॉलेजपासूनचा मित्र. तो लगेच बोलला नाही, त्यावरूनच कळलं की त्याला माहीत होतं. मग म्हणाला, "अगं, तुझा सूर माझ्या किकवर चढत होता. प्रत्येक सूर पुढच्या सुरात सांडायचा. मिक्स बसेना. शेवटच्या दिवशी त्यांनी कीबोर्डवर करून घेतलं. तुला सांगणारच होतो."

सांगणारच होतो! मी फोन ठेवला आणि त्यानंतर आम्ही दोन महिने बोललो नाही.

दिवाळीत मिरजेला मामाकडे गेले. मामा एसटीत कंडक्टर होता, आता निवृत्त आहे, आणि गेली चाळीसेक वर्षं भजनी मंडळात तबला वाजवतोय. त्याला बेस गिटार म्हणजे 'ती लांबडी' एवढंच माहीत. माझ्याकडे माझ्या एकटीच्या बेसचं रेकॉर्डिंग होतं, मूळ टेक. तक्रार करावी म्हणूनच खरं तर त्याला ऐकवलं. त्यानं मोबाइल कानाला लावून, डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं.

"सुरू बरोबर करतीस की," म्हणाला. "पण संपवतीस कुठं?"

"म्हणजे?"

"आस फार हाय गं तुज्या तारंला. सूर सुटला की तू त्याला सोडूनच देतीस."

आघातानंतर तारेत मागे रेंगाळत राहतो त्या आवाजाला आपल्याकडे आस म्हणतात. मिरजेत लहानपण गेलेल्याला हा शब्द वेगळा शिकावा लागत नाही. तिथल्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना मी कितीदा पाहिलंय. कारागीर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा घालतो आणि केसाएवढा पुढे-मागे सरकवत राहतो. एका जागी येताच तार एकदम उमलते, सूर मधमाश्यांसारखा गुणगुणायला लागतो. आस वाढावी म्हणून तारेखाली काहीतरी घालायचं, हे मला माहीत होतं. ती कमी व्हावी म्हणूनही कुणी काही घालत असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

मामानं डग्गा पुढे ओढला. आधी 'घे' वाजवला, खुला, घुमणारा. मग पंजा सपाट टाकून 'के'. आवाज जागच्या जागी मेला. "हा बंद बोल. हा येत नसंल तर त्या खुल्याला कोण विचारतंय?"

मला राग आला. त्या रागाचं कारण सांगायला हवं. मी घरातली थोरली मुलगी. 'हळू बोल', 'खिडकी उघडी आहे', 'एवढ्या मोठ्यानं हसू नये' हे ऐकत वाढले. बेस घेतला तेव्हा पहिल्यांदा असं वाटलं होतं की माझ्या हातातून निघालेला आवाज भिंत हलवू शकतो. सगळ्यात खालची 'ई' तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. ती कानाआधी छातीला कळते. आता दोन पुरुष मला सांगत होते की तुझा आवाज फार उरतो, जरा आवर. मामाच्या घरचा चिवडाही धड न खाता मी पुण्याला परतले.

तरी रात्री झोप येईना म्हणून शोधलं. बेसच्या तारा, आस, बंद करणे. हाताच्या युक्त्या मला ठाऊक होत्या: डाव्या हाताचं बोट थोडं उचलायचं, उजवा अंगठा वरच्या तारेवर टेकवायचा. पण सगळीकडे फोमचा उल्लेख येत होता. तारांच्या खाली, ब्रिजला लागून, फोमचा तुकडा सरकवायचा.

पहिला प्रयोग भांड्यांच्या स्पंजचा. हिरवी खरखरीत बाजू कापून टाकली, पिवळी घेतली. आवाज बरा आला, पण खोलीभर लिंबाच्या साबणाचा वास. दुसरा, पार्सलमधून येतो तो पांढरा कडक फोम. तो इतका ताठ की तारा वर उचलल्या गेल्या, ट्यूनर सगळेच सूर चढे दाखवायला लागला. शेवटी माळ्यावर टाकलेली जुनी गादी आठवली. शिवण उसवून बोटभर रुंद आणि सात सेंटिमीटर लांब पट्टी कापली. ही मापं महत्त्वाची आहेत, कारण चारही तारा एकसारख्या टेकायला हव्यात. उंची तार आणि लाकूड यांच्यातल्या फटीपेक्षा अगदी किंचित जास्त. तारेला फोमचा नुसता स्पर्श व्हावा, दाब नको.

मग वाजवलं.

'ठुम्' असा आवाज आला. लाकडी पाटावर मुठीनं मारावं तसा. सूर होता, स्पष्ट ओळखू येत होता, पण त्याची शेपटी गेली होती. जाडसर, गोल, जुनाट. का होतं हेही नंतर नीट समजलं. तार एकाच वेळी पूर्ण लांबीनं आणि छोट्या-छोट्या भागांतही थरथरते. त्या छोट्या भागांतून बारीक, चमकदार आवाज येतात. ब्रिजजवळ मूळ सुराची हालचाल फार थोडी असते, बारीक आवाजांची त्या मानानं जास्त. म्हणून तिथे ठेवलेला फोम आधी चमक खातो. मूळ सूर उरतो, तोही थोडाच वेळ.

मला वाटलं होतं हा काहीतरी गरिबाचा जुगाड असेल. निघाला सत्तर वर्षांपूर्वीचा. लिओ फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याआधी बेस म्हणजे माणसाएवढं उभं वाद्य, ज्याचा सूर आपोआप लवकर विझतो. लोकांचे कान त्याला सरावलेले. त्यामुळे ब्रिजवरच्या धातूच्या झाकणाच्या आतच फोम चिकटवून यायचा. १९६० मध्ये आलेल्या जाझ बेसला तर सुरुवातीला प्रत्येक तारेखाली वेगळा म्यूट होता. पुढे वादकांनी झाकणं काढून टाकली, फोमही गेला, आणि माझ्यासारख्यांच्या हाती आला तो कायम घुमणारा बेस.

आणि मग जेम्स जेमर्सन. डेट्रॉइटमध्ये मोटाउन कंपनीच्या घरवजा इमारतीत, तळाच्या ज्या स्टुडिओला वादक 'स्नेकपिट' म्हणायचे, तिथे साठच्या दशकातली कितीतरी गाजलेली गाणी या माणसानं वाजवली. १९६२ चा प्रिसिजन बेस, जाड आणि गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा, ज्या तो तुटल्याशिवाय बदलत नसे, आणि झाकणाखाली तो फोम तसाच. उजव्या हाताचं फक्त एक बोट, तर्जनी. 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' हे १९६७ चं गाणं नुसत्या बेससह ऐकायला मिळतं, मिळालं तर ऐका. तो शांत बसलेलाच नाही. सतत हलतोय, उड्या मारतोय, गायकांच्या मधून वाट काढतोय. तरी कुठे गढूळपणा नाही, कारण प्रत्येक सूर आपली जागा सोडून पुढच्यासाठी बाजूला झालेला असतो. इतके सूर वाजवायची मुभाच त्याला फोमनं दिली असावी, असं मला वाटतं.

जेमर्सनचं नाव त्या तबकड्यांवर नसायचं. मोटाउनच्या अल्बमवर वादकांची नावं छापून आली ती १९७१ मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. तोवर जगानं त्याचा बेस ऐकून घेतला होता, वाजवतो कोण हे माहीत नसताना. १९८३ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी तो गेला. त्याचं वाजवणं सगळ्यांना पाठ होतं आणि नाव कुठेच नव्हतं. माझं नाव होतं आणि वाजवणं नव्हतं. त्याच्याशी तुलना करायची माझी लायकी नाही, पण त्या रात्री ही उलटापालट काही डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी फोम लावून, मेट्रोनोमबरोबर तेच गाणं रेकॉर्ड केलं. ऐकलं आणि लॅपटॉप बंद केला.

मी वाईट वाजवत होते. बेतालच म्हणा ना. फार नाही, पण दर चौथा-पाचवा सूर जरा आधी पडत होता. जुन्या टेकमध्ये ते लपलं होतं, कारण मागचा सूर अजून घुमत असायचा आणि पुढचा नेमका कधी आला ते त्या घुमण्यात बुडून जायचं. पडद्यावर दोन्ही टेक एकाखाली एक ठेवले. जुन्यात एकमेकांत गुंतलेली लांब मासळी. नव्यात सुटे सुटे ठिपके, आणि त्यातले कुठले जागेवर नाहीत हे शेंबड्या पोरालाही दिसेल. फोमनं माझा आवाज दाबला असता तर मला एक वेळ चाललं असतं. त्यानं सगळं चव्हाट्यावर आणलं.

तरी फसवणूक झाली ती झालीच. मला न सांगता माझं वाजवणं काढून माझं नाव ठेवणं, यावर माझा राग अजून आहे आणि तो माझ्या तालाच्या चुकीमुळे कमी होत नाही. या दोन गोष्टी मला बरेच दिवस वेगळ्या करता येत नव्हत्या. गाण्यावरचं नाव काढा असं मी लिहून कळवलंय. उत्तर आलंय, 'बघतो'. नाव अजून तिथेच आहे.

मेट्रोनोम ६० वर लावून अडीच महिने एकच धडा केला: सूर सुरू करायचा आणि ठरलेल्या मात्रेला संपवायचा. संपवणं जास्त अवघड निघालं. मामाला फोन करून सांगितलं तर तो नुसता हसला आणि चिवडा पाठवू का म्हणाला.

जानेवारीत ड्रमरचा मेसेज आला, एकच शब्द: 'वाजवूया?' त्याच्या सरावाच्या खोलीवर गेले. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावलेली तीच कोंदट खोली, तिथे माझी 'ई' तार नेहमी भूत शिरल्यासारखी घुमायची. फोमनं आवाज थोडा उतरतो म्हणून मी अँपचा नॉब नेहमीपेक्षा बराच पुढे नेला. इतक्या मोठ्यानं मी त्या खोलीत कधीच वाजवलं नव्हतं. तो काही बोलला नाही. आम्ही वीसेक मिनिटं एकच चाल वाजवत राहिलो, किक आणि बेस. कधी कधी दोन्ही मिळून एकच वाद्य वाटत होतं, कधी मी अजूनही आधी पडत होते. थांबल्यावर त्यानं घाम पुसला आणि म्हणाला, "तेव्हा सांगायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं. "सांगायला हवं होतं."

आता आम्ही महिन्यातून दोनेकदा कार्यक्रम करतो. फोम एरवी तारांखालीच असतो. कडेनं झिजलाय, गादीच्या खोळीचा एक निळा धागा अजून त्याला चिकटलेला आहे. फक्त एका गाण्यात मी ती 'ए'वरची घसरण परत आणली आहे, आणि तिला आस लागते. त्या गाण्याआधी मी वाकून फोम उपसते आणि जीन्सच्या मागच्या खिशात कोंबते. ड्रमर तोवर काड्या धरून थांबतो.

"काढला?"

"काढला."

मग तो चार मोजतो.