धावणाऱ्या लेकींचे पाय

वर्षावास संपला, अश्विन पौर्णिमा झाली आणि पहाटे गारवा जाणवू लागला की आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात (आमच्या तोंडी अजून 'नगर'च बसले आहे) धावण्याचे दिवस सुरू होतात. कुठे संविधान दिनाची दौड, कुठे तालुक्याच्या गावी मॅरेथॉन, पुढे पुण्याची, मग जानेवारीत मुंबईची. आमच्या वस्तीतल्या पोरापोरींना मात्र या स्पर्धा म्हणजे पोलीस भरतीची रंगीत तालीम वाटतात. बक्षिसाचे पाकीट मिळाले तर आनंदच, पण खरे लक्ष भरतीच्या मैदानाकडे. मुलींना तिथे 800 मीटर धावावे लागते आणि मैदानी चाचणीच्या 50 पैकी 20 गुण त्या एकाच धावेला आहेत. वर्षभराच्या कष्टाचा निकाल दोन-तीन मिनिटांत लागतो.

मी काही खेळाडू नव्हे. दिवसभर पतसंस्थेत खतावणी लिहिणारी बाई. चार वर्षांपूर्वी विहारात महिलांची बैठक झाली, तेव्हा आया म्हणाल्या, "पहाटे पाचला अंधारात पोरी एकट्या कशा पाठवायच्या?" मी बोलून गेले, "मी जाते त्यांच्याबरोबर." बोलले ते निभवावे लागले. सुरुवातीला शिट्टी गळ्यात अडकवून मैदानाच्या कडेला उभी राहायचे. थंडी वाजू लागली म्हणून चालू लागले, आणि चालता चालता कधी धावू लागले ते माझे मलाच कळले नाही.

चाळिशी उलटलेली, पायात जुन्या पातळ तळाचे बूट, आणि उत्साह विशीचा! तिसऱ्या महिन्यात टाच धरली. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल फरशीवर टाकले की खिळा रुतल्यासारखी कळ यायची. दहा-वीस पावले चालले की कमी व्हायची, म्हणून मी म्हणायचे, गेले दुखणे. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. टाचेपासून बोटांपर्यंत तळपायात जो जाड पट्टा असतो तो ताणला गेला की असे होते, हे पुढे डॉक्टरांनी सांगितले. धुणीभांडी करणाऱ्या आणि दिवसभर फरशीवर उभे राहून काम करणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनींना हेच दुखणे असते, त्या कधी न धावताही. आपण त्याला 'वात' म्हणतो आणि तेल चोळून गप्प बसतो.

माझ्या टाचेचे ठीक आहे. माझी कुठे भरती अडली होती? पण सहन करण्याची जी सवय मी स्वतःला लावून घेतली, तीच मी मुलींना शिकवली. ती माझी चूक सांगण्यासाठीच आज हे लिहिते आहे.

माझी भाची आमच्याकडे राहून भरतीची तयारी करत होती. मैदानी चाचणी दीड-दोन महिन्यांवर आली तेव्हा आम्ही धावणे एकदम वाढवले. आठवड्यातून चार दिवसांचे सात दिवस केले, मातीचे मैदान सोडून डांबरी रस्त्यावर उतरलो आणि रविवारी चांदबिबी महालाचा चढ-उतार. एके दिवशी ती म्हणाली, "मावशी, पावलाच्या वरच्या बाजूला एका जागी फार दुखतंय." मी बोट लावून पाहिले, तर ती कळवळली. मी काय म्हणाले? "आपल्या आयाबाया अनवाणी खडी फोडायच्या. एवढ्याशा दुखण्याला काय घाबरतेस? दुखणं सहन कर, नोकरी लागेल."

तिने सहन केले. पंधरा दिवस पायाला पट्टी बांधून धावली. सोळाव्या दिवशी तिला पाऊल टेकवेना. आधी एकदा फोटो काढला होता, त्यात काही दिसले नव्हते आणि मला तेवढाच आधार झाला होता. आता मात्र पावलाच्या लांब हाडांपैकी एकाला बारीक चीर गेलेली स्पष्ट दिसली. डॉक्टर म्हणाले, अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत क्ष-किरणात पुष्कळदा दिसतच नाही. बोट ठेवले की एकाच जागी दुखते आणि धावले की वाढते, एवढी खूण धावणे थांबवायला पुरेशी असते. सहा ते आठ आठवडे विश्रांती सांगितली. मैदानी चाचणी त्या आठवड्यांतच येऊन गेली. त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून निजून राहिली. मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट विचारली, ती आमच्या कुणाच्या ध्यानात नव्हती. ही मुलगी खाते काय? पाळी वेळेवर येते का? पाळी तीन महिन्यांपासून चुकत होती आणि वजन कमी व्हावे म्हणून ती रात्री अर्धी भाकरी खात होती. पुरेसे अन्न न घेता धावत राहिले की मुलींची पाळी बिघडते आणि हाडे कमजोर होतात. आपल्या घरात आधी पुरुष, मग पोरे आणि उरलेसुरले बाईने खायचे, ही जुनी रीत धम्म स्वीकारूनही अजून पुरती गेलेली नाही. धावणाऱ्या मुलीच्या ताटात अंडे, डाळ, नाचणी, दूध, भाजलेले शेंगदाणे यांतले काही ना काही रोज पडलेच पाहिजे. पाळीबद्दल तिला मोकळेपणी विचारणारे घरात कुणीतरी हवे.

त्याच वर्षावासात आमच्या विहारात भन्तेंनी सोण कोळिविसाची कथा सांगितली. विनयपिटकात ती आहे. सोण हा श्रीमंत घरचा, अत्यंत कोमल पायांचा तरुण. भिक्खू झाल्यावर त्याने चंक्रमणाचा इतका अतिरेक केला की तळपाय फाटून चालण्याची वाट रक्ताने माखली. तथागत तिथे आले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे, म्हणून त्यांनी त्याला विचारले की तार फार ताणली तर वीणा नीट वाजते का, आणि फार सैल सोडली तर? उत्तर त्याला ठाऊकच होते. इथपर्यंतची कथा मी पूर्वी ऐकलेली होती. पुढचा भाग प्रथमच ऐकला. तथागतांनी त्याला एकपदरी वहाणा घालण्याची परवानगी दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, संघाला मिळत असेल तर मी वापरीन. तेव्हा साऱ्या भिक्खूंना वहाणांची अनुज्ञा मिळाली. मी मागच्या रांगेत बसले होते. भाची शेजारीच होती, पाय लांब करून. मला तिच्याकडे पाहवले नाही.

तेव्हापासून आमच्या मैदानावर काही गोष्टी बदलल्या. आठवड्याचे अंतर थोडे थोडेच वाढवायचे, मागच्यापेक्षा साधारण दहावा हिस्सा. हा काही कायदा नव्हे, अंदाज आहे, पण उडी मारण्यापेक्षा बरा. दोन दिवस पूर्ण सुट्टी. मातीवर जास्त, डांबरावर कमी. टाच दुखणाऱ्यांनी उठण्यापूर्वी अंथरुणातच ओढणी तळपायात अडकवून बोटे आपल्याकडे ओढायची, दहा-बारा वेळा. मग भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. पाण्याची बाटली गोठवून तळपायाखाली दहा मिनिटे फिरवली की आराम पडतो. आमच्याकडे फ्रीज नव्हता तेव्हा शेजारच्या काकू बाटली ठेवून द्यायच्या. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र हा बर्फाचा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, कारण पायाला बधिरपणा असेल तर इजा झालेली कळत नाही.

बुटांचा प्रश्न अवघड. मुलगे वाद घालतात, "ताई, बारामतीच्या लताबाई करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. अबेबे बिकिलाने 1960 ला रोममध्ये अनवाणी सुवर्णपदक घेतले." खरे आहे. पण लताबाई हौसेने तशा धावल्या नव्हत्या, नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून धावल्या. बिकिलाने 1964 ला टोकियोत पुन्हा सुवर्ण जिंकले, तेव्हा त्याच्या पायात बूट होते, हे मुलांना कुणी सांगितलेले नसते. आपल्या शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी रोज मैलोगणती शाळेला जायचा. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला आणि 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने 3000 मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण आणले. त्याच्यासारखा गडीसुद्धा 2025 मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने शस्त्रक्रिया करून घरी बसला, तर आपल्या पोरींनी पायाची हेळसांड का करावी?

बूट महागच असावेत असे नाही. नावाजलेल्या कंपनीच्या नकली शिक्क्यापेक्षा साधा पण नीट बसणारा बूट चांगला. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, नाहीतर उतारावर नखे काळी पडतात. टाच आत सरकता कामा नये. सहा-आठशे किलोमीटर झाले की वरून नवा दिसणारा बूटही आतून बसलेला असतो. मोजे ओले झाले की बदलायचे, आणि नखे सरळ कापायची.

मागच्या भीमजयंतीला आमच्या विहार समितीत मी सोणाचीच गोष्ट पुढे केली. डीजेचा खर्च अर्धा करा आणि मुलींना बूट घेऊन द्या, एकीला नव्हे, सगळ्यांना. तरुण मंडळ जरा नाराज झाले. दोन बैठका झाल्या, आवाज चढले. शेवटी नऊ मुलींचे बूट मंजूर झाले, त्यांत माझी भाचीही आहे. चीर जुळून आली आहे. ती आता पुन्हा धावते आणि दुखले की मला न विचारता थांबते.

येत्या रविवारी बूट घ्यायला बाजारात जायचे आहे. सकाळी नको, संध्याकाळी सहानंतर, असे मी सगळ्यांना बजावले आहे. दिवसभर उभे राहून पाय थोडा फुगलेला असतो, तेव्हाच माप खरे लागते.