हातावरचं नाव

चोपड्याकडच्या म्हाताऱ्या बायांचे हात बघत बसावेत. मनगटापासून कोपरापर्यंत तुळशीवृंदावन, विंचू, ठिपक्यांच्या ओळी. सगळं हिरवट निळं, कातडीबरोबर सुरकुतलेलं. सातपुड्याच्या अंगाला गेलं की भिल्ल बायांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांशी, हनुवटीवर ठिपके दिसतात. कुणी काढलं, असं विचारलं की उत्तर एकच: “गोंदणारीन येये ना बाजारले.” नाव कुणालाच ठाऊक नाही.

तिकडे होनोलुलूच्या हॉटेल स्ट्रीटवर नॉर्मन कॉलिन्स (१९११–१९७३) ऊर्फ ‘सेलर जेरी’ खलाशांच्या दंडांवर जहाजं, नांगर नि बाया गोंदत आला. त्याचं नाव पुढे रमच्या बाटलीवर गेलं! आमच्या गोंदणारणीच्या वाट्याला शेर-दोन शेर ज्वारी, फार तर एखादं जुनं लुगडं.

तिचं दुकान म्हणजे गाठोडं. दोऱ्याने एकत्र बांधलेल्या तीन-चार सुया, दिव्याच्या काजळीची डबी. काडीने आधी नक्षी उमटवायची, मग पोरीचा हात गुडघ्यावर आवळून टोचायला लागायचं. पोर रडली की ही गाणं म्हणणार, आई वरून दटावणार. शेवटी हळद. खलाशी निदान भिंतीवरचं चित्र निवडायचा. इथे पोरीला विचारतो कोण? सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगती येतं, अशी समजूत घालायची. (सोनं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांनीच ती काढली असावी.)

आता जत्रेत बॅटरीवरचं मशीन गुणगुणतं. त्याचा खापरपणजोबा म्हणजे सॅम्युएल ओ’रायलीने न्यूयॉर्कात १८९१ साली पेटंट घेतलेलं यंत्र. त्याच्याही मागे एडिसनचं विजेचं पेन. त्याच न्यूयॉर्कने काविळीच्या भीतीने १९६१ ते १९९७ गोंदायला बंदी घातली होती. एकाच सुईपुढे लागलेली पोरांची रांग बघितली की ती बंदी वेडगळ वाटत नाही.

पण मला सगळ्यांत आवडतात ती नावं. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून ते हातावर. कचेरीत कारकुनाने विचारलं की बाई पदर सारून हात पुढे करणार. गोंदणारणीला कुठली अक्षरओळख? पाटीवर कुणी लिहून दिलेलं ती नक्षीसारखं उतरवायची. वेलांटी जागा बदलायची नि ‘भिका’चा ‘भीका’ व्हायचा. कारकून हातावर दिसेल तसंच लिहून घेणार. मग रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर तो जन्मभर भीकाच.