राखेखालचा निखारा

माझ्या लहानपणी दिवेलागण हा आमच्या घरातला एक लहानसा सोहळाच असे. आमच्या खेड्यात तेव्हा वीज आली नव्हती. सूर्य डोंगराआड गेला, की आई ओसरीवर बसून कंदिलाच्या काचा राखेने घाशी आणि मऊ फडक्याने पुसून लख्ख करी. वातीची काजळी ती कात्रीने कापी, रॉकेल पुरेसे आहे ना हे पाही आणि मग काडी ओढी. एका काडीत तीन कंदील लागलेच पाहिजेत, असा तिचा दंडक होता. आम्हां मुलांच्या हातून दुसरी काडी ओढली गेली, तर ती म्हणे, "काड्या काय झाडाला लागतात रे?"

पुढे मी चौथीत असताना गावात वीज आली. कंदील माळ्यावर गेले. आईचा दंडक मात्र माळ्यावर गेला नाही. खोलीतून बाहेर पडणाऱ्याने बटण बंद केलेच पाहिजे, आणि रात्री घरातले एकूण एक बटण स्वतःच्या हाताने बंद केल्याखेरीज आपण अंथरुणाला पाठ लावायची नाही, हा तिचा नेम वयाच्या ८७ व्या वर्षीही अढळ आहे. या नेमाचा मला नेहमीच अभिमान वाटत आला. त्यामुळेच एक दिवस आमच्या घरात मोठा घोटाळा होईल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

गेल्या पौषातली गोष्ट. मध्यरात्री आई पाणी पिण्यासाठी उठली. दिव्याचे बटण दाराजवळ आणि तिची खाट खिडकीशी. दृष्टी मंद झालेली. त्यात, आपल्यामुळे कोणाची झोपमोड होऊ नये ही जन्मभराची सवय. ती अंधारातच चालू लागली आणि उंबऱ्याला पाय अडखळून पडली. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. त्या दिवसांत तिने एकदाही कण्हून दाखविले नाही. परंतु रात्री पाणी पिणे तिने सोडून दिले आहे, हे माझ्या ध्यानात आले आणि माझ्या मनाला चटका बसला.

उन्हाळ्याच्या सुटीत माझा मुलगा पुण्याहून आला, तो दोन खोकी घेऊन. एका खोक्यात संत्र्याएवढी एक डबी होती. तिला हाक मारली, की ती ऐके आणि उत्तर देई. अशा यंत्राला स्मार्ट स्पीकर म्हणतात. आईने तिचे 'बोलकी डबी' असे बारसे केले. दुसऱ्या खोक्यात विजेचा एक बल्ब होता. दिसायला चारचौघांसारखा, पण पोटात एक लहानसा रेडिओ बाळगणारा. "डबीला सांगितलं, की दिवा लागेल. आजीला अंधारात बटण शोधायला नको," असे म्हणून मुलगा दुसऱ्याच दिवशी कामावर परतला. मागे राहिलो मी, माझी बारा वर्षांची नात आणि ती दोन यंत्रे.

मी तीस वर्षे शाळेत काढली. माझ्या एका हाकेसरशी आठशे मुले रांगेत उभी राहत. परंतु त्या संध्याकाळी मी दिव्याला दहा वेळा हुकूम केला आणि दहाही वेळा डबीने अत्यंत विनयाने सांगितले, की असा कोणताही दिवा तिला ठाऊक नाही! माझा आवाज चढू लागला, तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, रागावून काय होणार? आपण एकेक गोष्ट तपासू या." तिने वही उघडली. वाक्यपृथक्करण करताना मी मुलांना जे सांगत असे, तेच ती मला सांगत होती.

पहिली अडचण लहरींची निघाली. आमच्या घरातला वाय-फायचा राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन पट्ट्यांत संदेश पाठवितो. पाचच्या पट्ट्यात वेग अधिक असतो, तर २.४ च्या लहरी भिंती ओलांडून अधिक लांब पोहोचतात. आमच्या बल्बला, तशा प्रकारच्या पुष्कळ बल्बांप्रमाणे, केवळ २.४ ची लहर ऐकू येई आणि आमचा फोन दुसऱ्याच पट्ट्यावरून त्याला बोलावीत होता. नातीने फोन योग्य पट्ट्यावर आणला, तेव्हा दिव्याने दोनदा डोळे मिचकावले.

दुसरी अडचण ओळखीची. डबी एका कंपनीची, बल्ब दुसरीचा. आपण डबीला काही सांगितले, की आपला आवाज इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे जातो. तेथे त्याचे शब्द होतात आणि शब्दांचा अर्थ लावला जातो. मग तो संगणक बल्बवाल्या कंपनीच्या संगणकाला निरोप देतो, आणि तो निरोप पुन्हा आपल्या घरी येऊन दिव्याला मिळतो. हातभर अंतरावरच्या दिव्यासाठी केवढा हा प्रवास! दोन्ही कंपन्यांकडील आपली खाती परस्परांना जोडून दिल्याशिवाय एकीचा निरोप दुसरी स्वीकारीत नाही. ही परक्यांची परक्यांशी गाठ घालण्याची कटकट कमी व्हावी, म्हणून ॲमेझॉन, ॲपल, गूगल अशा एरवी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या एकत्र आल्या, आणि 'मॅटर' नावाच्या सामाईक नियमावलीची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती पाळणारी यंत्रे परस्परांची भाषा जाणतात आणि घरातल्या घरातही निरोप पोहोचवू शकतात. आमच्या दोघांना मात्र ती भाषा अवगत नव्हती. त्यांची ओळख आम्हांलाच करून द्यावी लागली.

तिसरी अडचण नावाची. कारखान्याने बल्बला इंग्रजी अक्षरे आणि आकडे यांचे एक लांबलचक नाव दिले होते. ते आईच्या जिभेवर कोठून रुळणार? शिवाय आमच्या डबीला इंग्रजी आणि हिंदी येत होती, मराठी येत नव्हती. मराठीचा एम. ए. असलेल्या माझ्या मनाला हे झोंबले. आई मात्र हसून म्हणाली, "चार शब्द हिंदी शिकायला मी काही एवढी म्हातारी झालेली नाही!" मग दोन्ही भाषांना आपले वाटेल असे एक नाव आम्ही शोधले. दिव्याचे नाव ठेवले ज्योती. आईने डबीला हाक मारली आणि ती म्हणाली, "ज्योती जलाओ." खोली उजळली. आईच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर तो उजेड पडला, तेव्हा नातीने टाळ्या पिटल्या आणि मी गुपचूप चष्मा पुसला.

परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "तुझा दिवा दिवसा शहाणा, पण रात्री बहिरा." रात्री तिने तीन वेळा सांगूनही तो लागला नव्हता. आम्ही तत्काळ प्रयोग केला. दिवा पहिल्याच हाकेला लागला. त्या रात्री पुन्हा तेच. लहर, जोडणी, नाव या साऱ्यांची नातीने वहीत खूण करून पुनःपुन्हा तपासणी केली. कोठेच दोष सापडेना. तिसऱ्या रात्री ती हट्टाने पणजीच्या खोलीत निजली, आणि सकाळी उठल्याबरोबर माझ्याकडे धावत आली. "आजोबा, चोर सापडला! पणजी झोपण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करते!"

आता सारा उलगडा झाला. भिंतीवरचे बटण बंद केले, की बल्बाच्या पोटातल्या रेडिओची वीजही तुटते. मग कोणी कितीही हाका मारल्या, तरी तो ऐकणार कसा? सकाळी केर काढताना कोणीतरी ते बटण पुन्हा चालू करी, म्हणून दिवसा दिवा शहाणा ठरे. दोष यंत्रात नव्हता; तो आईच्या साठ वर्षांच्या सद्‌गुणात होता.

मी माझ्या सवयीप्रमाणे उपाय केला. मोठ्या अक्षरांत एक सूचना लिहिली, 'हे बटण बंद करू नये', आणि ती बटणावर चिकटविली. त्या रात्रीही बटण बंद झाले. आईने सूचना वाचली होती. "दिवा लागलेला नसताना बटण चालू ठेवायचं? वीज काय फुकट येते?" असे तिचे म्हणणे.

तेव्हा नात तिच्या खाटेवर जाऊन बसली. "पणजी, दिवा विझला ना, तरी त्याचा एक कान जागा असतो. त्या कानाला थोडीशी वीज लागते." मग तिने वहीत हिशेब मांडला. ऐकत राहण्यासाठी फार तर अर्धा वॉट. महिन्याचे तास ७२०. म्हणजे ३६० वॉट-तास. हजार वॉट-तासांचे एक युनिट होते. तेव्हा महिन्याला अर्धे युनिटही नाही.

आकडे ऐकून आई काही वेळ गप्प राहिली. मग तिचा चेहरा एकाएकी उजळला. "म्हणजे चुलीतला निखाराच की गं! आम्ही रात्री चूल विझवायचो, पण एक निखारा राखेखाली झाकून ठेवायचो. वरून पाहिलं तर चूल थंड; पण पहाटे राख सारून फुंकर घातली, की पेटलीच. निखारा विझू दिला, तर सासूबाई रागावायच्या. त्या निखाऱ्यावर पाणी ओतत होते होय मी रोज?"

त्या रात्रीपासून आईने ते बटण बंद केले नाही. घरातली बाकीची बटणे ती पूर्वीसारखीच चाचपून पाहते; या एका बटणापाशी येते, थबकते आणि पुढे जाते.

मी मात्र बराच वेळ विचार करीत राहिलो. दोन यंत्रांनी एकमेकांचे ऐकावे म्हणून आम्ही किती खटपट केली! त्यांची लहर जुळविली, ओळख करून दिली, दोघांना कळेल असे नाव शोधले. आणि ज्या माणसासाठी हा खटाटोप, त्याला समजेल असे दोन शब्द बोलण्याऐवजी मी भिंतीवर हुकूम चिकटविला. आई हट्टी नव्हती. तिला कारण हवे होते, आणि मी ते सांगितलेच नव्हते. शिक्षकाच्या खुर्चीत तीस वर्षे बसूनही हे मला उमगले नव्हते. माझ्या नातीला ते खाटेच्या कडेवर बसून उमगले.

कधी इंटरनेट बंद पडते आणि डबी मुकी होते. म्हणून आईच्या उशीखाली एक बॅटरीही ठेवलेली असते; जुन्याचा आधार आम्ही सोडलेला नाही. परंतु पुष्कळ रात्री मला जाग येते, तेव्हा पलीकडच्या खोलीतून हलका आवाज ऐकू येतो, "ज्योती जलाओ." दाराखालून उजेडाची एक रेघ माझ्या खोलीत येते. माठावरच्या झाकणीचा आवाज होतो, भांडे वाजते. आई पोटभर पाणी पिते. मग तिच्या सावकाश पावलांची चाहूल, आणि दिवा मालवण्यापूर्वी त्याला तिने अस्सल मराठीत दिलेली शाबासकी, "गुणाची गं माझी ती!"