सेल्फ फिरतो, गाडी घेईना

नांदेडात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. फोनवर कुणी "सेल्फ फिरतोय, पण गाडी घेईना" म्हणालं की मी आधी चावीची चौकशी करतो. समोरचा वैतागतो. गाडी बंद पडलीय आणि हा चावीचं काय घेऊन बसलाय! मेकॅनिक लोकही तसेच. बोनेट उघडल्याशिवाय काम केल्यासारखं वाटतच नाही त्यांना.

माळेगावच्या यात्रेत तेच झालं. लातूरचं एक कुटुंब खंडोबाचं दर्शन उरकून परतीला निघालं आणि गाडी जागची हलेना. लोह्याच्या ओळखीच्या मेकॅनिकनं मला बोलावून घेतलं. मी पोचेपर्यंत त्यानं दुसरी बॅटरी जोडून पाहिली होती, फ्यूज तपासले होते, रिले बदलला होता. धक्का मारूनही झाला होता. आता त्याचा संशय पेट्रोल पंपावर होता आणि टाकी उतरवायची तयारी चालली होती. यात्रेच्या गर्दीत, घोड्या-उंटांच्या धुळीत, पेट्रोलची टाकी!

मी चावी ऑन करायला लावून मागच्या सीटजवळ कान दिला. पंप दोन सेकंद गुणगुणला आणि थांबला. निदान तो जिवंत होता. मग मीटरकडे पाहिलं. कुलपाच्या खुणेचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता. चावी ऑन केल्यावर हा दिवा विझायला पाहिजे.

"दादा, चावीला काही केलंय का?"

"काही नाही हो. बटणं फाटली होती, सकाळी इथंच एका पोराकडून कव्हर तेवढं बदलून घेतलं. दारं तर रिमोटनं उघडतायत की!"

सगळा घोळ इथंच होतो. दारं उघडणारा रिमोट वेगळा आणि इंजिनाला परवानगी देणारी चिप वेगळी. रिमोटला सेल लागतो, चिपला लागत नाही. चावी जिथं फिरवतो त्या कुलपाभोवती तारेची एक कॉइल असते. चावी ऑन केली की ती साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरी सोडते, त्यांच्यावरच चिप जागी होते आणि आपला कोड सांगते. कोड जुळला तरच इंजिनाचा कॉम्प्युटर पुढची परवानगी देतो. नाही जुळला तर काही गाड्यांत सेल्फच फिरत नाही, काहींत इंजिन लागतं आणि दोन सेकंदांत मरतं, काहींत नुसता सेल्फ फिरत राहतो. चोरीला आळा घालायला युरोपनं १९९८ पासून नव्या गाड्यांना हे इमोबिलायझर सक्तीचं केलं. चोराला अडवणारी ही गोष्ट मालकालाही तितक्याच निष्ठेनं अडवते.

स्कॅनर लावला. चावी अनोळखी असल्याची तक्रार नव्हती, चावीकडून उत्तरच येत नव्हतं. हा फरक मोठा आहे. अनोळखी म्हणजे चिप आहे पण नोंद नाही. उत्तरच नाही म्हणजे चिप नाही, बिघडलीय किंवा कॉइलची वायर सुटलीय. स्टेरिओ बसवणारे स्टेअरिंगखाली हात घालतात तेव्हा ती बरेचदा सुटते. एकाच रिंगमध्ये दुसऱ्या गाडीची चावी लटकत असली तरी दोन्ही चिपा एकदम बोलतात आणि कॉइलला काही कळत नाही. बॅटरी उतरलेली असली तरी इमोबिलायझर रुसतो, म्हणून मेकॅनिकचं बॅटरीपासून सुरू करणं काही चूक नव्हतं.

इथं कॉइलला हात लावायची गरजच पडली नाही. नव्या कव्हरमध्ये चिपेसाठीचा खण रिकामा होता. घरी दुसरी चावी आहे का विचारलं, तर गाडी सेकंडहँड आणि चावी एकच मिळालेली. म्हणजे आता जुनं कव्हर सापडलं नाही तर आरसी, आधार घेऊन शोरूमचे खेटे आणि नव्या चावीचा खर्च.

आम्ही त्या पोराच्या टपरीकडे निघालो. नशिबानं त्यानं जुनी कव्हरं फेकली नव्हती. एका पिशवीत पंचवीस-तीस तरी असतील. दादांनी फाटक्या बटणावरून आपलं ओळखलं. मी सुरीच्या टोकानं ते उकललं, तर कोपऱ्यात डिंकात रुतलेला काळा तुकडा, करंगळीच्या नखाएवढा. पोरगं म्हणालं, "हे होय? मला वाटलं प्लास्टिकचा टेकू हाय."

परत येऊन तुकडा नव्या खणात बसवला, चावी फिरवली. लाल दिवा विझला आणि गाडीनं पहिल्याच सेल्फला घेतलं. दादा टपरीवाल्यावर उखडले होते, पण बायकोनं त्यांना गाडीत बसवलं. माझे पैसे देताना मात्र त्यांनी "नुसती चावी तर उघडली" एवढं ऐकवलंच.

परतताना टपरीपाशी थांबलो. पोरगं पिशवी पालथी करून एकेक कव्हर उकलत होतं. आणखी दोन चिपा त्यानं तळहातावर काढून ठेवल्या होत्या. एक आदल्या दिवशीची. दुसऱ्या चावीचा मालक तासाभरापूर्वीच कव्हर बदलून गेला होता, आणि तो अजून दर्शनाच्या रांगेत असावा.